विहिरीच्या डावीकडे

मोरेश्वर, तुझा खोका आला.

तू जाऊन आठवडाही झाला नव्हता. वाघोलीच्या तुझ्या फ्लॅटमध्ये माणसांची ये-जा चालू होती, दाराशी चपलांचा ढीग होता, आणि त्या ढिगापलीकडे उभा राहून कुरिअरवाला विचारत होता, "मोरेश्वर कोण? ओटीपी सांगा." दाराजवळच्या खुर्चीत मी होतो. म्हटलं, "ते नाहीत." तर म्हणाला, "मग किती वाजता येतील?" असल्या प्रश्नाला आमच्या नारायण पेठेत जे उत्तर मिळालं असतं ते मी दिलं नाही, कारण घर तुझं होतं. शेवटी तुझ्या लेकीनं, रेणुकानं, आतून तुझा फोन आणला, ओटीपी वाचून दाखवला, आणि मेलेल्या माणसानं मागवलेला मासे शोधायचा टीव्ही सुखरूप घरात आला.

टीव्ही म्हटलेलं तुला कधी आवडलं नाही. होडीखाली पाण्यात एक भोंगा सोडायचा, तो खाली आवाज फेकणार, आवाज तळाला आपटून परत येणार, आणि मग पडद्यावर तळ दिसणार, मासे दिसणार. वर जीपीएस. वर जगातल्या तलावांचे नकाशे. हे तू मला इतक्या वेळा समजावून सांगितलंस की माझ्या वर्गातल्या सगळ्यात ढ मुलालाही मी भरती-ओहोटी इतक्या वेळा समजावली नसेल. मला पहिल्याच वेळी समजलं होतं. मला ते नको होतं, एवढंच होतं. समजणं आणि पटणं यातला फरक तुझ्या कारखान्यात शिकवत नसावेत.

तुझ्या सोसायटीनं शोकसभा घेतली, ते तुला कुणी कळवलं नसेल म्हणून सांगतो. चेअरमन म्हणाले, मोरेश्वरभाऊ निसर्गप्रेमी होते. तू. काठावरच्या प्रत्येक झुडपाला शिव्या घालणारा तू, कारण त्यात गळाचा तंगूस अडकायचा. दुसरे एक गृहस्थ म्हणाले, ते पाण्याशी संवाद साधायचे. मी तुझ्याबरोबर इतकी वर्षं होडीत बसलो, पाण्याशी संवाद साधताना मला तू कधी दिसला नाहीस. माझ्याशी मात्र सतत कचाकचा भांडायचास. मलाही दोन शब्द बोला म्हणाले. मी म्हटलं, माझे दोन शब्दांत संपणारे नाहीत, आणि बसून राहिलो. तुझ्या मासेमारीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर फुलांचा आणि जोडलेल्या हातांचा पूर आला होता. त्यातल्या एकानं त्याच दिवशी खाली स्वतःचा कटला हातात धरलेला फोटो टाकला. मासाही बेताचाच होता.

तर तो खोका. वर्षभर तू माझं डोकं खाल्लंस त्या खोक्यासाठी. आधी पाच इंची पडदा. मग म्हणे सात. मग नऊ. एक यंत्र फक्त खाली बघतं, दुसरं आजूबाजूलाही बघतं. एकात तलावांचे नकाशे आयते भरलेले, दुसऱ्यात आपण फिरू तसा नकाशा यंत्रच काढत जाणार. माझ्याकडे चहाला आलास की फोन काढून तू परदेशातल्या माणसांचे अभिप्राय वाचून दाखवायचास. कुणी तिकडे लिहिलंय की या यंत्रामुळे माझी निवृत्ती सुखाची झाली. मी म्हणायचो, त्याला बायको नसेल, नाही तर मित्र नसेल. तू म्हणायचास, "मास्तर, तू ना जळून राहिला." मी एका टीव्हीवर जळतोय असं तुला खरंच वाटायचं का? वाटत असेल. तुझ्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते तिथंच घर करून राहायचं.

आणि ते दुकान आठवतंय का? कॅमेरे, दुर्बिणी आणि असली यंत्रं विकणारं ते काचेचं दुकान, जिथं चपला बाहेर काढायला लावतात. दुकानदार फार नम्र. "सर, हे आपलं टॉप मॉडेल. तुमची बोट कुठली आहे? इंजिन किती हॉर्सपॉवर?" तू सरळ चेहऱ्यानं म्हणालास, "दोन. एक मी अन् एक मास्तर." बिचाऱ्यानं ते लिहूनही घेतलं. त्या दिवशी मी हसलो होतो, ते तुला दिसू नये म्हणून दुर्बिणी बघत उभा राहिलो.

मग त्यानं नकाशे दाखवले. परदेशातल्या कुठल्या कुठल्या तलावांचे, हातभर खोली बदलली की नवी रेघ, बोटीच्या धक्क्यांसकट. तू पोरासारखा बघत बसलास. मी म्हटलं, आता आपलं धरण दाखवा. त्यानं बोटानं पडदा सरकवत सरकवत आणला, पुणे आलं, घाट आले, आणि आपलं धरण आलं. शाईची दौत लवंडावी तसा एक निळा डाग. रेघ नाही, आकडा नाही, काही नाही. "इंडियाचे मॅप्स अपडेटमध्ये येतील सर." मी विचारलं, "कधी?" "येतील ना सर." मी तुझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, झालं, आता तरी याचं डोकं ठिकाणावर येईल. तू त्या निळ्या डागावर बोट ठेवलंस आणि म्हणालास, "नकाशात नाही म्हणजे नाही का?"

हे वाक्य तू मला पहिल्यांदा ऐकवलंस तेव्हा आपली ओळखसुद्धा नव्हती. तेव्हा तुम्ही भंडाऱ्याहून नवीन आलेले, आमच्याच पेठेत एका खोलीत भाड्यानं राहत होता, आणि रेणुका माझ्या वर्गात होती. परीक्षेत महाराष्ट्राचा नकाशा भरायला दिला होता. या कार्टीनं पूर्वेकडे गोवर उठावा तसे निळे ठिपके काढले होते. एक मार्क कापला. दुसऱ्या दिवशी रात्रपाळी संपवून, हातात जेवणाचा डबा, डोळे लाल, असा तू शिक्षकांच्या खोलीत आलास. "मास्तर, तलाव काऊन खोडले?" मी म्हटलं, "पाठ्यपुस्तकातल्या नकाशात ते नाहीत." तू म्हणालास, "नकाशात नाही म्हणजे नाही का? मी पोहलो ना त्यायच्यात." सगळी शिक्षकांची खोली हसली, मी सोडून. मला राग आला होता. मी विचारलं की परीक्षा तुमची आहे की मुलीची. त्यावर तू जे बोललास ते भलतंच होतं. म्हणालास, "तुम्ही धरणं शिकवता ना? धरणाच्या पाण्यात कधी हात घातला का?"

नव्हता घातला. इतकी वर्षं फळ्यावर धरणं काढली, त्यांच्या भिंतींच्या उंच्या पाठ करून घेतल्या, आणि पाण्यात बोट बुडवलं नव्हतं. पुढच्या रविवारी तू मला घेऊन गेलास. मार्क मी दिला नाही. आजही दिलेला नाही.

आपल्या धरणाचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं तर पुण्यातले उरलेसुरले लोकही शनिवारी स्पीकर घेऊन तिथं येतील. तुला कळतंय कुठलं ते, पुरे झालं. तिथंच तू मला गळ बांधायला शिकवलंस, कणकेत पेंड किती घालायची ते शिकवलंस, तंगूस बोटावर धरून मासा नुसता चाखतोय की खरंच लागलाय ते ओळखायला शिकवलंस. आमच्या घरात मासा शिजत नाही, म्हणून माझे मासे एक तर पाण्यात परत जायचे नाही तर तुझ्या डब्यात. वहिनी म्हणायच्या, भाऊजींच्या हातचा मासा गोड लागते. मी तो कधी खाल्ला नाही. पण ऐकायला बरं वाटायचं, हे तुला सांगितलं नव्हतं.

आणि मग विहीर. त्या एका उन्हाळ्यात धरण इतकं आटलं की आपण चालत चालत पार मध्यापर्यंत गेलो, भेगाळलेल्या गाळावरून, आणि तिथं ती होती. दगडात बांधलेली, काठ शाबूत, धरण व्हायच्या आधी कुणाच्या तरी शेतातली. तू काठावर पाय सोडून बसलास आणि म्हणालास, पाणी आलं की मासे हिच्याच आसपास राहतील, त्यायले पण घर लागते ना. मी तुझ्यासारखा बसून राहिलो नाही. मी खुणा धरल्या. देवळाचा कळस बरोबर डोंगराच्या खाचेत आला पाहिजे, ही एक रेघ. गावातल्या शाळेच्या पत्र्याचं टोक पंपघराच्या कोपऱ्याला टेकलं पाहिजे, ही दुसरी. दोन रेघा जिथं एकमेकींना छेदतील तिथं विहीर. साधी भूमिती आहे. पाणी भरल्यावर होडी त्या दोन्ही रेघांवर आणली की खाली विहीर, यात शंका घ्यायला जागाच नाही.

तू घेतलीस. पाणी भरल्यावर पहिल्याच रविवारी घेतलीस. म्हणे, आपण विहिरीत उभे नव्हतो, काठावर उभे होतो. काठावर उभं राहून खूण धरली म्हणजे ती काठाची झाली, विहीर त्याच्या डावीकडे राहिली. "जरा डाव्या हाताले घे बे." मी तुला सांगितलं की मी ते धरून चाललो होतो, म्हणूनच कळस खाचेच्या मधोमध न घेता डाव्या कडेला घेतला होता. तू म्हणालास, तुले काय आठवते. मला आठवतं. मला सगळं आठवतं, तोच माझा धंदा होता. खोली मोजायला दोरीनं शिसं सोडून पाहिलं, तर शिसं दोघांच्या बाजूनं साक्ष द्यायचं. माझ्या जागेवर मासा लागला की तू म्हणायचास, तो डावीकडून आला. नाही लागला की म्हणायचास, पाह्य, म्हटलं नव्हतं? असल्या माणसाशी काय बोलायचं?

त्यानंतर प्रत्येक रविवारी, पावसाळा सोडून, तेच वाक्य. मी वल्ही थांबवली, नांगर म्हणून बांधलेला दगड सोडला, की पुढच्या फळीवरून तुझा आवाज. जरा डाव्या हाताले घे बे. मी कधीही घेतली नाही. होडी हातभरसुद्धा हलवली नाही. का हलवू? चूक ती चूक.

मग गेली काही वर्षं तिथं बंगल्यांच्या स्कीमा आल्या. एका हुशार बिल्डरनं शाळेच्या पुढ्यातच संरक्षक भिंत उभी केली आणि पत्र्याचं टोक जेमतेम वीतभर दिसायचं राहिलं. पंपघरावर पाडायची नोटीस लागली. ते पडलं की दुसरी रेघ गेली, आणि एका रेघेवर विहीर सापडत नाही, हे तुलासुद्धा मान्य होतं. तेव्हापासून तुझं ते यंत्राचं खूळ सुरू झालं. यंत्रात जागा एकदा टाकून ठेवली की देऊळ पडो, डोंगर पडो, ती हलत नाही. मी म्हटलं, मला खुणा पाठ आहेत, मी आहे तोवर तुझा तो यंत्राचा डबा नको. तू म्हणालास, "अन् तू जाशील तेव्हा? विहीर संगं घेऊन जाशील का बे?" माझ्या जाण्याची एवढी काळजी करणारा माणूस. झोपेत गेलास, कुणाला हाक मारली नाहीस, आणि मी इकडे रविवारची कणीक मळून ठेवली होती.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसलो ती सांगतो. दहाव्याला वहिनी माझ्याशेजारी येऊन बसल्या. समोर तो खोका, कुणी उघडलेला नव्हता. मी म्हटलं, "नऊ इंची घेतलाच शेवटी. कशाला पाहिजे होता एवढा मोठा पडदा?" वहिनी म्हणाल्या, "त्यायले दिसत नव्हतं ना भाऊजी." म्हणाल्या, साखरेनं डोळ्यांचे पडदे गेले, डावा तर पूर्णच गेला होता, उजव्यानं माणसाचा चेहरा दिसे, दूरचं काही दिसत नसे. डॉक्टरनं गाडी बंद करायला सांगितली होती. मी विचारलं, कधीपासून. त्या म्हणाल्या, दोन वर्षं होत आली. "मास्तरले सांगू नको म्हणत. तो मले होडीत बसू देणार नाही म्हणत."

दोन वर्षं, मोरेश्वर. दोन वर्षं मी तुला विचारत होतो, आला का कळस खाचेत, आणि तू म्हणत होतास, आला. तुला डोंगरही दिसत नव्हता. तू मला गळ बांधायला द्यायचास आणि म्हणायचास, बोटं थरथरतात. मी तुला म्हणायचो, बोटं नाही, आळस. पाच इंची पडदा पुरे म्हणून मी तुझ्याशी तासन्‌तास वाद घालायचो आणि तू उत्तर म्हणून परदेशातल्या माणसांचे अभिप्राय वाचून दाखवायचास, फोन नाकाला लावून. मला वाटायचं, मला खिजवायला लावतोस. एकदा तोंड उघडून सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? होडीत बसू दिलं नसतं, हे खरं आहे. नसतंच दिलं. तुला पोहता येतं हे मला माहीत आहे, त्या भंडाऱ्याच्या ठिपक्यांत पोहलास ते चांगलं तीस वर्षं ऐकलंय. तरी नसतं दिलं. काठावर खुर्ची टाकून बसवलं असतं आणि मी तुझ्या शेजारी बसलो असतो, आणि तिथंही भांडलो असतो. हे तुला सुचलं नाही का? मी तुझ्याशिवाय एकटा होडीत जाईन असं तुला वाटलं? एवढीच ओळख झाली माझी?

मला तुझा राग आलाय. कुणी गेल्यावर असं म्हणू नये म्हणतात. म्हणोत. फसवलंस तू मला, आणि तेही इतकं बेमालूम की माझ्यासारख्या, मुलाच्या चेहऱ्यावरून कॉपी ओळखणाऱ्या मास्तरला पत्ता लागला नाही.

त्याच दिवशी रेणुका म्हणाली, "सर, याची रिटर्न विंडो संपत आलीये. आईला ते घरात बघवत नाहीये. परत करू का?" आणि वहिनी म्हणाल्या, "भाऊजी म्हणतील तसं." म्हणजे बघ काय वेळ आणलीस. वर्षभर ज्या वस्तूला मी नको नको म्हटलं तिचा निकाल माझ्याच हातात. परत करा म्हटलं असतं तर माझंच म्हणणं खरं झालं असतं. पण पंपघर या महिन्यात पडणार होतं. माझं वय तुझ्यापेक्षा जास्त आहे, गुडघे तर त्याहून जास्त. यंत्र परत गेलं की विहीर गेली. ती जागा माझ्या डोक्यात राहील, आणि डोक्याचं काय, तेही धरणासारखंच, गाळ भरत जातो. ठेवून घ्या म्हटलं तर आयुष्यात पहिल्यांदा तुझ्यापुढं मान तुकवली असं झालं असतं, आणि तीही तू बघायला नसताना.

मी रेणुकाला म्हटलं, "रविवारी पहाटे तयार राहा. बॅटरी चार्ज करून आण. आणि शूज घालून येऊ नकोस, गाळ असतो."

ती तुझ्या फळीवर बसली. तुझीच टोपी घालून आली होती, ते मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. होडीवाल्यानं तुझी चौकशी केली नाही, नुसती होडी पुसून दिली, दोनदा पुसली. वल्ही मी मारली. दम लागत होता. रेणुकानं भोंगा पाण्यात सोडला, पडदा लावला. तो डबा भलताच मोठ्यानं बीप बीप करतो, मोरेश्वर, मासे असतील ते पळून जातील असा. "सर, डेप्थ येतीये," ती म्हणाली. मी म्हटलं, "बोलू नकोस. मला खुणा धरू दे."

खरं तर मला त्या डब्याकडे बघायचंच नव्हतं. मी देवळाकडे बघत होतो. कळस हळूहळू खाचेत आला, डाव्या कडेला टेकला. मग पंपघर. अजून उभं होतं, पण पत्रा आधीच उतरवलेला. भिंतीवरून शाळेच्या छपराचं टोक बोटभर दिसत होतं. ते कोपऱ्याला टेकेपर्यंत मी वल्ही मारत राहिलो, शेवटची दोन तर अगदी हलक्या हातानं. टेकलं. मी वल्ही वर घेतली.

रेणुका पडद्याकडे बघत होती. तळाची रेघ सरळ चालली होती, ती एकदम वर चढली, मग खाली गेली, मग पुन्हा वर, आणि परत सरळ. दोन उंचवटे आणि मध्ये खळगा. "सर," ती म्हणाली, "हे काय आहे? गोल काहीतरी आहे. वॉल असल्यासारखं." आणि वरच्या बाजूला पाच-सहा वेलांट्यांसारख्या खुणा, मासे, काठाला चिकटून.

बरोबर खाली, मोरेश्वर. होडीच्या बरोबर खाली. हातभर इकडे नाही, हातभर तिकडे नाही. काठाची खूण नव्हती ती, विहिरीचीच होती. इतक्या वर्षांचा वाद एका पडद्यावर सुटला, तू विकत घेतलेल्या पडद्यावर, आणि निकाल माझ्या बाजूनं लागला. मी मान वर करून तुझ्या फळीकडे बघितलं. बोलायला तोंड उघडलं होतं. तिथं रेणुका बसलेली, तुझी टोपी घालून, आणि तिला या भांडणातलं काही ठाऊक नव्हतं.

एखाद्या पुणेकरानं वाद जिंकावा आणि हरलेला माणूसच जागेवर नसावा, याच्याइतकं फालतू काही नाही. होडी वाऱ्यानं थोडी फिरली. मी कान देऊन ऐकत होतो, खोटं कशाला सांगू. ते वाक्य आलं नाही.

"सर, पॉइंट सेव्ह करू?"

"कर."

तिनं केला. तुझ्या निळ्या डागात पहिला ठिपका पडला. विहीर आता पंपघराची नाही, शाळेची नाही, माझ्या डोक्याचीही नाही. तुझं काम झालं. मी दगड सोडायला उचलला आणि परत ठेवला. मग वल्ही घेतली आणि होडी जरा डाव्या हाताला घेतली. पहिल्यांदाच. बहुतेक तू सांगायचास तेवढीच, एका होडीच्या लांबीइतकी.

रेणुका पडद्याकडे बघत म्हणाली, "सर, इथं काहीच नाहीये. फ्लॅट आहे सगळं. नुसता चिखल."

"मला माहितीय."

"मग?"

"इथं पण एक ठिपका टाक."

"पण इथं काहीच नाही ना."

"नकाशात नाही म्हणजे नाही का?" मी म्हटलं.

ती वर्गात होती तेव्हा तू शाळेत येऊन भांडलास ते तिला माहीत होतं की नाही, मला ठाऊक नाही. पण तिनं डोळे पुसले आणि ठिपका टाकला. मी दगड सोडला. तुझा गळ मी बांधला, कणीक लावली, आणि तुझ्या फळीच्या बाजूनं सोडला. ऊन चांगलं वर येईपर्यंत आम्ही तिथंच बसलो. मासा लागला नाही. लागणार नव्हताच.

खोका परत जाणार नाही. वहिनींना सांगितलंय. दर रविवारी आता रेणुका येणार म्हणते; ती तंगूस फार ताणून धरते, शिकवावं लागेल. होडी आधी विहिरीवर थांबेल, मग डावीकडे.

पण खूण माझी बरोबर होती, मोरेश्वर. एवढं आता तरी मान्य कर.